दाबाचा हिवाळा

शेख मन्नान सर. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर पहिलं नाव हेच येतं. मी आज डोंगरकड्याच्या शाळेत फळ्यासमोर उभा राहतो, हजेरी घेतो, लोक मला गुरुजी म्हणतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो तो सरांमुळे, हे मी कुणालाही सांगतो. त्या हिवाळ्यात मी त्यांचं काय केलं, ते मात्र अजून कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही.

कापूस निघाला की ते दिवस परत येतात. आत्ताही शाळेसमोरून हिंगोलीकडे गाड्या जाऊन राहिल्या आहेत. गाडीवर पांढरा डोंगर, त्याच्यावर एखादा माणूस घोंगडी पांघरून बसलेला, आणि गाडी गेल्यावर बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेले कापसाचे पुंजके. सकाळच्या वाऱ्यात ते हलतात. हे पुंजके दिसले की माझ्या नाकात सरकीचा तेलकट वास भरतो आणि पोटऱ्या दुखायला लागतात. पोटऱ्यांनाही आठवण असते, हे मला त्या वर्षी कळलं. पुढे आणखी बरंच कळायचं होतं.

दुष्काळ सरून एक पाऊसकाळ झाला होता. मी हट्ट्याकडच्या एका लहान गावातून हिंगोलीला शिकायला आलो होतो, वसतिगृहात राहत होतो, मॅट्रिकचं वर्ष होतं. शाळेचं मैदान कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, जिनाला लागून. मधे फक्त एक पडकी भिंत. जिनाचा भोंगा हेच आमचं घड्याळ. हिवाळाभर रुईचे तंतू भिंतीवरून उडत यायचे आणि घामेजलेल्या तोंडाला चिकटायचे. खेळून परतताना आम्ही सगळे पिकल्या मिशांचे म्हातारे दिसायचो.

शाळेत फुटबॉल होता, कारण हिंगोली निजामाच्या काळापासून फुटबॉल खेळत आलेली. पण खेळ म्हणजे काय, तर बॉल जिकडे तिकडे बावीस जण, आणि गोल होणार असं दिसलं की आमचे अकराच्या अकरा आपल्याच गोलापुढे गोळा. आधीचे मास्तर छत्री घेऊन खुर्चीवर बसायचे. ते गेले आणि दिवाळीनंतर मन्नान सर आले. निजामाबादकडचे. बायको-मुली तिकडेच, इथे एक खोली भाड्याची. उंच, किंचित वाकलेले, डावा गुडघा कधीतरी मोडलेला. दखनी बोलायचे आणि मराठी वाचताना ओळीखाली बोट ठेवायचे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "कल से प्रेसिंग करना. सुबू छे बजे. गैरहाजिर नक्को रहो."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवला आणि आणखी दोघं डोक्याला फडकं बांधून, भाकरीचं गाठोडं काखेत मारून आले. देवला गोरेगावकडच्या तांड्यावरचा. आमच्यातला सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात तोंडाळ. सरांनी गाठोड्याकडे बघितलं.

"ये क्या रे?"

"भाकर हाय, सर. जिनात प्रेसिंगला दिवसभर लागंल म्हनलं."

हिंगोलीत प्रेसिंग या शब्दाचा दुसरा अर्थच नव्हता. जिनिंग-प्रेसिंग अशी पाटीच होती भिंतीपलीकडे. आम्हाला वाटलं, सरांनी सुटीच्या दिवसाची रोजंदारी मिळवून दिली. दुसरा कुणी मास्तर असता तर हसला असता, नाहीतर कानाखाली वाजवली असती. सर थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चलो. पयले वोईच देखेंगे."

आणि आम्हाला घेऊन जिनात गेले. मुकादमाशी त्यांनी काय बोलणं केलं कोण जाणे, त्याने आत सोडलं. आत आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. माणसांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुई. एका मोठ्या पेटीत मोकळी रुई टाकत होते, दोघं जण ती पायांनी तुडवत होते, मग पेटीची दारं लावून वरून दाब यायचा. मोकळी असताना जी सगळ्या कारखान्यात मावत नव्हती, ती रुई दाबाखाली दगडासारखी गाठ होऊन बाहेर पडायची. आम्ही तोंडं उघडी टाकून बघत होतो. तेवढ्यात एका दाराची कडी नीट बसली नव्हती म्हणून दार फाकलं, आणि दाबलेली सगळी रुई त्या एका फटीतून भसाभसा बाहेर आली. मुकादमाने शिव्या घातल्या. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सर बाहेर येऊन भिंतीवर बसले. "देखे? बाकी सब दरवाजे बंद थे ना? उनकी मेहनत का क्या हुआ?"

"वाया गेली," देवला म्हणाला.

"हौ. अब फुटबॉल खेलेंगे."

त्या दिवसापासून सरांच्या प्रेसिंगला आम्ही दाब म्हणायला लागलो. दाब सांगायला सोपा होता. समोरच्या माणसाकडे बॉल गेला की पळून आपल्या गोलाकडे यायचं नाही. जो सगळ्यात जवळ असेल त्याने सरळ त्याच्या वाटेत जाऊन उभं राहायचं. बॉल हिसकायला जायचं नाही, फक्त वाट अडवायची. दुसऱ्याने डावीकडचं दार लावायचं, तिसऱ्याने उजवीकडचं, आणि मागच्या सगळ्यांनी पुढे सरकायचं. कोंडलेला माणूस घाबरून बॉल कुठेतरी मारतो. तो आपला. धोका एकच. सगळे पुढे सरकलेले असतात, मागे मैदान मोकळं असतं. पहिला माणूस वाटेत उभा राहिला नाही, तर उरलेले दहा जण चुकीच्या जागी असतात.

"पैला कौन, वोईच खेल है," सर म्हणायचे. "उसके रस्ते में खड़े रहो. बस. हटना नक्को."

मी डाव्या बाजूला खेळायचो. मला पळता फार येत नव्हतं, पायात कसब नव्हतं. पण वाटेत उभं राहणं मला जमायला लागलं. का, ते आता कळतं. मी आयुष्यात कधी कुणाच्या वाटेत उभा राहिलो नव्हतो. ते पहिल्यांदा करताना अंगातून काहीतरी सळसळत जायचं. देवला बॉल घेऊन अंगावर यायचा, शिव्या द्यायचा, "सरक की बे, खांब हाय का तू?" आणि मी सरकायचो नाही. सर मैदानाच्या कडेने लंगडत पळायचे आणि ओरडायचे, "शाबास किशन. मेरा ताला है ये." माझं नाव किसन. पण ताला हा शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवत होतो. आमच्या झोपडीला कुलूप नव्हतं. लागतही नव्हतं.

आमच्या गावात गाडरस्त्यावरून मालक किंवा त्यांच्या घरचं कुणी आलं की आम्ही वाट सोडायचो. रस्त्याच्या डाव्या अंगाला, नांगरलेल्या तासात उतरायचं, चपला असल्या तर हातात घ्यायच्या, ते पुढे गेले की परत रस्त्यावर यायचं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा माय म्हणाली होती, आता नाही सोडायची. बा सोडतच राहिला. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा त्याला विचारलं, "बा, काहून उतरायचं?" तो ढेकळात उभा होता, धोतर सावरत. म्हणाला, "वाट सोडल्यानं काय जातं आपलं? पाय तर आपलाच हाय ना." मला ते पटलं होतं. लहानपणी जे पटतं ते डोक्यात राहत नाही, आणखी खाली कुठेतरी जाऊन बसतं.

डिसेंबर आला. तूर पिवळी पडली. वसतिगृहाच्या पोरांना कुणाच्या तरी शेतातला हुरडा मिळायचा. आम्ही सामने जिंकायला लागलो. वसमतची शाळा दाबात इतकी गोंधळली की त्यांच्या एका पोराने आपल्याच गोलात बॉल मारला. बाजारात लोक ओळखायला लागले. हॉटेलातला माणूस गर्दीतल्या गिऱ्हाइकांना म्हणायचा, "दाब द्या जरा, सरकून बसा."

मग शाळेच्या शिपायाने आम्हाला बातमी सांगितली. सरांची जागा हंगामी होती. हेडमास्तर म्हणाले होते, संघ परभणीला जिल्ह्याच्या सामन्यांना गेला तर मन्नानना कायम करा म्हणून मी वर लिहितो. नाही गेला तर मार्चअखेर संपलं, आणि खेळाचा मास्तर पुन्हा नकोच. परभणीला जायचं तर एकच सामना उरला होता, आमच्याच मैदानावर, परभणीकडच्या एका शाळेशी.

सर यातलं एक अक्षर बोलले नाहीत. देवलाच बोलला, विहिरीवर पाय धुता धुता. "सरला ठेवायचं असंल तर परभणी गाठा लागते. न्हाईतर हे लंगडं घोडं परत निजामाबादला."

"नीट बोल की," मी म्हणालो.

"नीटच बोलून राहिलो. लंगडं हाय म्हनून तर घोडं म्हनतो. आपन सारी गाढवं होतो त्याच्या आदी."

आम्ही हसलो. पण त्या दिवसापासून सरावाला कुणी उशिरा आलं नाही.

सामन्याच्या दिवशी पडक्या भिंतीवर जिनातली माणसं ओळीने बसली होती, पांढऱ्या भुवयांची. ऊन कोवळं होतं. समोरच्या संघाला बूट होते. आमच्यातल्या तिघांना. मला ज्याच्या वाटेत उभं राहायचं तो त्यांचा उजवा बचावपटू होता, गोरा, थोराड, केस मागे वळवलेले. पहिल्या अर्ध्या तासात मी त्याला दोनदा कोंडलं. दुसऱ्यांदा त्याने गडबडून बॉल सरळ देवलाच्या पायात दिला, आणि देवलाने गोल केला. भिंतीवरची माणसं उभी राहिली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक कडी लावल्यासारखं केलं.

दुसऱ्या हाफमध्ये बॉल एकदा भिंतीपलीकडे गेला. कुणीतरी आणायला गेलं. मी आणि तो गोरा पोरगा शेजारी शेजारी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे होतो. त्याने माझ्याकडे निरखून बघितलं.

"अरे, तू धोंडबाचा ना?"

मग मला तो दिसला. विलासराव. आमच्या गावच्या मालकांचा धाकटा. चार वर्षांपूर्वी परभणीला शिकायला गेला तेव्हा लहान होता, आता मिसरूड फुटलेली. मी ओळखलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. मग म्हणालो, "व्हय, मालक."

"चांगला खेळतोस की. बा बराय का तुझा?"

"बराय."

एवढंच. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. उलट आपुलकीच होती. हे मला मुद्दाम लिहायला हवं. त्याने शिवी दिली असती, जात काढली असती, तर कदाचित मी तिथे मेलो असतो पण हललो नसतो.

बॉल आला. खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने बॉल त्याच्या पायात आला आणि तो कडेकडेने पुढे निघाला. सर ओरडले, "दाब." मागचे सगळे पुढे सरकले, मला त्यांचे पाय ऐकू आले. देवला उजवीकडचं दार लावायला धावला. मी विलासरावांच्या वाटेत पोहोचलो होतो. वेळेवर पोहोचलो होतो. ते दहा पावलांवर, मग पाच. आणि माझे पाय डावीकडे उतरले. ते मी केलं असं म्हणता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी केलं असंही म्हणता येत नाही. मी चुन्याच्या रेघेबाहेर उभा होतो, मान थोडी खाली, हात मांड्यांशी. ते माझ्या शेजारून गेले. त्यांच्या पलीकडे अर्धं मैदान मोकळं पडलं होतं.

बरोबरी झाली. त्यानंतर मी त्यांच्या जवळ जाऊ शकलो नाही. जात होतो, दोन पावलं अलीकडे थांबत होतो. सरांना दिसत असणार. त्यांनी मला बदललं नाही. शेवटी दुसरा गोलही त्याच कडेने आला.

भिंतीवरची माणसं एकेक करून कामावर गेली. देवला माझ्याजवळ आला. "काय झालं बे तुला?"

"पाय घसरला."

त्याने मैदानाकडे बघितलं. मग त्या कडेला गेला आणि अनवाणी पायाच्या बोटांनी माती चाचपत म्हणाला, "कुठं? इथं? का इथं?" आवाजात थट्टाच होती, पण माझ्याकडे तो बघत नव्हता.

सर आले. त्यांनाही मी तेच सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, जिनाच्या पाटीकडे पाहिलं होतं तसंच. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होता है." हेडमास्तरांसमोर ते म्हणाले, खेळायची रीतच चुकली, लेकरांची चूक नाही, माझी आहे. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. ऐकलं आणि उभाच राहिलो.

मार्चअखेर सर गेले. गेल्यावरही त्यांनी एक काम केलं, त्याच्यावर माझं सगळं पुढचं आयुष्य उभं आहे. मला कॉलेजात न्यायचं त्यांच्या मनात होतं. निकाल लागल्यावर ते त्यासाठी निजामाबादहून मुद्दाम आले. कॉलेजात अर्जाच्या खिडकीपुढे ही गर्दी. कुणी मागून आलं की मी आपोआप बाजूला होत होतो, आणि तासभरात होतो त्याहून मागे गेलो. सर भिंतीशी उभे राहून बघत होते. मग येऊन माझ्या मागे उभे राहिले, पाठीच्या मधोमध तळहात टेकवला आणि कानाशी म्हणाले, "हटना नक्को. मैं हूँ पीछे." त्या हाताच्या जोरावर मी खिडकीपर्यंत गेलो. अर्ज भरला. शिष्यवृत्तीचा कागद भरला. संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. पुढे त्यांचं एकच कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. भावाच्या सायकलच्या दुकानात बसतात म्हणून. शेवटी विचारलं होतं, खेलते क्या.

मी खेळत नाही. देवला आता गोरेगाव-सेनगाव जीप चालवतो. अठरा माणसं कोंबतो आणि ओरडतो, "दाबा, दाबा, चारी दारं लावा." मी कधी बसलो तर पैसे घेत नाही आणि माझ्याकडे बघतही नाही. आमच्या शाळेतही या वर्षी फुटबॉल आला आहे. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही खेळलेले आहात, तुम्ही शिकवा. मी पोरांना रांगेत उभं केलं आणि दाब सांगितला. पोरं हुशार आहेत, त्यांना लगेच कळलं. एकाने विचारलं, "गुरुजी, वाटेत उभं कसं राहायचं ते दाखवा की." मी म्हणालो, उद्या. तो उद्या अजून आलेला नाही.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. बा आणि मी गाडरस्त्याने येत होतो. माझ्या पायात बूट, काखेत पिशवी, पिशवीत वर्गातल्या पोरांच्या वह्या. समोरून मोटारसायकल आली. विलासराव होते. त्यांनी लांबूनच हात केला, वेग कमी केला, हसून म्हणाले, "काय गुरुजी, कधी आलात?" रस्ता भरपूर रुंद होता. मी नांगरलेल्या तासात उतरलो होतो. बूट ढेकळांत रुतले होते. ते गेल्यावर बा माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाला, "बराबर केलं. एवढा शिकला, पर इसरला न्हाई."

घरी आलो, बुटांची माती काढली आणि सरांना पत्र लिहिलं. कार्डावरचा पत्ता जुना आहे. सर वाचतील, तर ओळीखाली बोट ठेवून वाचतील, म्हणून वाक्यं लहान ठेवली. सोमवारी टाकलं. ते असं आहे.

*तीर्थरूप मन्नान सरांना,*

*किसनचा नमस्कार. मी बी.ए. झालो. डोंगरकड्याला मास्तर आहे. हे तुमच्यामुळे झालं. माय-बा बरे आहेत.*

*तुम्ही विचारलं होतं, खेळतोस का. नाही खेळत. परभणीवाल्यांशी सामना होता, त्यांचा उजवीकडचा पोरगा आमच्या मालकांचा होता. त्याने मला ओळखलं. त्याच्याआधी मी त्याला दोनदा अडवलं होतं, ते तुम्ही पाहिलंच होतं. मग मी वाट सोडली. रीत चुकली नव्हती, सर. तुम्ही हेडमास्तरांना खोटं सांगितलं. मी दाराशी होतो. मी बोललो नाही.*

*माझा बा म्हणतो, पाय तर आपलाच आहे. पंधरा वर्षं शिकलो, तरी मला तो आपला झालेला दिसत नाही. आज पुन्हा उतरलो. कुणी सांगितलं नव्हतं. तुमचा हात पाठीवर असतानाच तेवढा मी सरळ उभा होतो.*

*माफी मागत नाही. मागून तुमची जागा परत येत नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला तेव्हाही माहीत होती, ती मी माझ्या हाताने लिहून द्यावी म्हणून हे पत्र.*

*त्या दिवशी मैदान कोरडं होतं.*

*आपला विद्यार्थी,*
*किसन*